उल्हास खोऱ्यातील रसायनशिक्षण आणि विषविज्ञान

१

मुंबई इलाख्यात विषांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाल्याला दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा विषय शिकवला गेला, वकिलाला त्याची तोंडओळख करून देण्यात आली, पोलीस व न्यायखात्याला त्याचे निष्कर्ष नियमाने पुरवले गेले. परंतु जो विद्यार्थी रसायनशास्त्राची पदवी घेऊन दुसऱ्याच महिन्यात कारखान्यात पाळीवर रुजू होतो, त्याच्या अभ्यासक्रमात विषविज्ञानाला स्वतंत्र आणि निश्चित स्थान क्वचितच मिळाले. असे का झाले, आणि ते होत असताना आपल्या भाषेतील विषविषयक शब्दांनी कोणता भाग घेतला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या शोधासाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील तीन लगतची नगरे विशेष सोयीची आहेत. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ती ओळीने वसलेली आहेत. खंडाळ्याच्या परिसरातील डोंगरांतून निघालेली उल्हास नदी बदलापूरवरून कल्याणकडे जाते, आणि अंबरनाथजवळच्या टेकड्यांतून उगम पावलेली वालधुनी उल्हासनगर ओलांडून तिला मिळते. याच वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळात, शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० साली, अंबरनाथाचे प्रसिद्ध शिवालय उभे राहिले. गेल्या शंभर वर्षांत याच काठांवर गंधकाम्ल, आगकाडी, कृत्रिम रेशीम, रंगद्रव्ये आणि औषधद्रव्ये यांचे कारखाने आले, आणि त्यांच्यामागोमाग विज्ञानाचे वर्ग चालवणारी महाविद्यालयेही आली. कारखाना आणि वर्ग इतके जवळ असूनही त्यांच्यामध्ये एका विषयाचे अंतर कसे राहिले, हे येथे स्पष्ट दिसते.

२

विषांचा विचार भारतीय परंपरेत फार जुना आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी अगदतंत्र हे एक अंग आहे. सुश्रुतसंहितेचे कल्पस्थान मुख्यतः विषांनाच वाहिलेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या अन्नातील विष ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत, आणि आशुमृतकपरीक्षा या प्रकरणात अकस्मात मेलेल्या मनुष्याच्या प्रेतावरून मरणाचे कारण कसे ठरवावे हे सांगितले आहे. राजाला विषापासून वाचवणे आणि मृताच्या बाबतीत अपराधी शोधून काढणे, हे या विद्येचे दोन व्यावहारिक हेतू येथे दिसतात.

इंग्रजी अमदानीत यांपैकी दुसरा हेतू प्रबळ झाला. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८७० मध्ये मुंबईत सरकारी रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा स्थापन झाली. मद्रास, कलकत्ता आणि आग्रा येथे अशा प्रयोगशाळा त्यापूर्वीच निघाल्या होत्या. जिल्ह्याजिल्ह्यांतून संशयित मृत्यूंचे अवशेष बाटल्यांत भरून या प्रयोगशाळेकडे येत आणि तेथील अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून वाचले जात. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानासाठी वैद्यकीय न्यायशास्त्राचा ग्रंथ लिहिला. १९२० मध्ये जयसिंग पी. मोदी यांचा वैद्यकीय न्यायशास्त्र आणि विषविज्ञान या विषयावरील ग्रंथ निघाला. तो पुढे देशभर डॉक्टर आणि वकील या दोघांच्याही टेबलावर राहिला. ग्रंथाच्या नावातच विषविज्ञान हे न्यायशास्त्राला जोडून आलेले आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

या परंपरेचे मूळ युरोपात होते. ऑर्फिला यांनी १८१४ मध्ये पॅरिसमध्ये विषांवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि १८३६ मध्ये मार्श यांनी सोमल ओळखण्याची अचूक कसोटी शोधली. या कसोटीने न्यायालयाला एक नवा साक्षीदार मिळवून दिला. रसायनशास्त्रज्ञाने अवशेष तपासावेत आणि अमुक विष आहे किंवा नाही एवढे सांगावे, अशी त्याची भूमिका ठरून गेली. सोमल, बचनाग, धोत्रा, अफू, कुचला, कण्हेर, रसकापूर ही या विद्येची आपल्याकडील परिचित नामावळी होय. १९०४ चा आणि त्यानंतरचा १९१९ चा विषद्रव्य कायदा यांचाही रोख अशा द्रव्यांची विक्री आणि ती बाळगणे यांवर नियंत्रण ठेवण्याकडे होता.

न्यायालयाच्या दृष्टीने पाहता विष म्हणजे कोणी तरी कोणाला तरी दिलेली वस्तू. तिला देणारा असतो, घेणारा असतो, दिल्याची वेळ असते आणि हेतू असतो. ही चौकट गुन्ह्याच्या तपासाला अत्यंत उपयुक्त आहे. मात्र ज्या विषाला देणारा नाही, दिल्याची वेळ नाही आणि हेतू तर मुळीच नाही, असे विष या चौकटीत बसत नाही. कारखान्यातील विष नेमके या दुसऱ्या प्रकारचे असते.

३

या दुसऱ्या विषाचा अभ्यासही युरोपात स्वतंत्रपणे वाढला होता. इटलीतील रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्याने रोग्याला इतर प्रश्नांबरोबर त्याचा धंदा कोणता हेही विचारावे असा आग्रह धरला. १८४५ मध्ये व्हिएन्नाचे लोरिन्झर यांनी आगकाडीच्या कारखान्यातील कामगारांचे जबड्याचे हाड पांढऱ्या फॉस्फरसामुळे सडते, असे दाखवून दिले. १८५६ मध्ये पॅरिसचे देलपेश यांनी रबराच्या धंद्यातील मजुरांना कार्बन डायसल्फाइडच्या वाफेमुळे होणारे चेतासंस्थेचे व मनाचे विकार नोंदवले. १८९५ मध्ये जर्मन शल्यवैद्य रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग आढळतो याकडे लक्ष वेधले. फॉस्फरस, कार्बन डायसल्फाइड आणि रंगद्रव्यांची मध्यस्थ द्रव्ये या तीनही वस्तूंचा संबंध पुढे उल्हास खोऱ्यातील उद्योगांशी आला.

खोऱ्यातील रासायनिक उद्योगाचा आरंभ अंबरनाथला झाला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने तेथे गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत यांचे उत्पादन हाती घेतले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९२३ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या विमकोचा, आगकाड्यांचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. आगकाडीच्या कारखान्याचा हा काळ महत्त्वाचा आहे. पांढऱ्या फॉस्फरसाच्या आगकाड्यांवर बंदी घालण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९०६ मध्ये बर्न येथे झाला होता आणि हिंदुस्थानात १९१३ च्या कायद्याने त्या निषिद्ध ठरल्या होत्या. त्यामुळे अंबरनाथची आगकाडी जन्मापासूनच सुरक्षित प्रकारची होती. पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस आणि काडीच्या टोकाला पोटॅशियम क्लोरेट अशी तिची योजना होती. व्हिएन्नाच्या रुग्णालयात मिळालेला धडा सत्तर-पाऊणशे वर्षांनी कायद्याच्या वाटेने अंबरनाथच्या कामगारापर्यंत पोचला, आणि तो पोचल्यामुळे त्याचा जबडा वाचला.

परंतु या उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तांबडा आणि पांढरा फॉस्फरस ही एकाच मूलद्रव्याची दोन रूपे होत, एवढे रसायनाच्या विद्यार्थ्याला शाळेपासून शिकवले जाते. एकाचा रंग कोणता, द्रावणीयता किती, कोण किती तापमानाला पेटते, याचे कोष्टक तो पाठ करतो. त्या कोष्टकात एक विषारी व दुसरे बिनविषारी अशीही एक ओळ असते. त्या एका ओळीमागे हजारो कामगारांच्या आयुष्याचा आणि एका आंतरराष्ट्रीय कराराचा इतिहास आहे, हे मात्र त्या कोष्टकात येत नाही. धडा कायद्यात उतरला, पण वर्गात उतरला नाही.

४

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावण्या उभारल्या गेल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या छावण्यांतील बराकींत आश्रय मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला नदीच्या नावावरून उल्हासनगर हे नाव देण्यात आले. ‘कॅम्प’ हा शब्द आणि त्यापुढचा क्रमांक आजही तेथील पत्त्यात टिकून आहे. या नगराला लागून शहाड येथे १९५६ मध्ये सेंच्युरी रेयॉन हा कृत्रिम रेशमाचा कारखाना सुरू झाला. पुढे १९६० च्या दशकात उल्हासनगरमध्ये आर. के. तलरेजा महाविद्यालय आणि चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय स्थापन झाली. निर्वासितांच्या आणि कामगारांच्या मुलांना विज्ञानाची पदवी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर उपलब्ध झाली, ही सामाजिक दृष्ट्या फार मोठी घटना होती.

व्हिस्कोज पद्धतीचे रसायन पदवीच्या विद्यार्थ्याला परिचित असते. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर प्रथम कॉस्टिक सोड्याची आणि नंतर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करून झँथेट बनवतात. ते कॉस्टिकमध्ये विरघळवून आलेला मधासारखा दाट द्रव गंधकाम्लाच्या कुंडात बारीक छिद्रांतून सोडला की सेल्युलोजचा धागा परत मिळतो. १८९२ मध्ये इंग्लंडात सापडलेल्या या पद्धतीत कार्बन डायसल्फाइड धाग्यात राहत नाही. ते काही प्रमाणात वाफेच्या रूपाने आणि काही प्रमाणात हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने बाहेर पडते. समीकरणाच्या उजव्या बाजूस बाणाची खूण काढून विद्यार्थी तो वायू हवेत सोडून देतो. तो हवेत कोठे जातो आणि त्या हवेत कोण उभे असते, हा प्रश्न समीकरणात नसतो.

कार्बन डायसल्फाइड अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे श्वासावाटे जात राहिल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना, मनाला आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना बाधा होते. व्हिस्कोज कारखान्यांतील कामगारांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक आहेत, असे ब्रिटनमधील संशोधकांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. असा कामगार हृदयविकाराने मरण पावला तर त्याच्या अवशेषांत रासायनिक विश्लेषकाला काहीच सापडणार नाही. मार्शच्या कसोटीच्या धर्तीवर रचलेली संपूर्ण विद्या येथे निरुपयोगी ठरते. येथे पुरावा हजेरीपटात, वर्षांच्या संख्येत आणि हवेच्या मापनात असतो. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने तिसऱ्या अनुसूचीत ज्या व्यवसायजन्य रोगांची सूचना देणे सक्तीचे केले होते, त्यांत कार्बन डायसल्फाइडची विषबाधाही होती. कायद्याला जे ठाऊक होते ते रसायनाच्या वर्गाला शिकवण्याजोगे वाटले नाही.

हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट याहून बोलकी आहे. गुणात्मक विश्लेषणाच्या तासाला किपच्या उपकरणातून हा वायू काढणे हा अनेक पिढ्यांचा नित्यक्रम होता. कुजलेल्या अंड्यासारखा वास ही त्याची ओळख प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत लिहिलेली असते. हवेच्या दशलक्ष भागांत एक भागाहूनही कमी वायू असला तरी हा वास येतो. परंतु सुमारे शंभर भागांच्या आसपास घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे मानणारा मनुष्य मरणाच्या दारात उभा असू शकतो. वहीतील ती ओळ चुकीची नाही, पण अपुरी आहे, आणि तिचे अपुरेपण प्राणघातक आहे.

या विषयासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही, हे एका साध्या हिशेबावरून दिसेल. प्रयोगशाळेची खोली दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि चार मीटर उंच धरली तर तिच्यात ३२० घनमीटर हवा मावते. तिच्यात दशलक्षात १० भाग एवढा हायड्रोजन सल्फाइड होण्यासाठी ३.२ लिटर वायू पुरतो. सामान्य तापमानाला एका मोलचे आकारमान सुमारे २४ लिटर धरल्यास हा वायू ०.१३ मोल भरतो, आणि तो मिळण्यास फेरस सल्फाइड जेमतेम १२ ग्रॅम लागते. दहापट मर्यादेस, म्हणजे वास नाहीसा होण्याच्या पातळीस, १२० ग्रॅमच्या आतच द्रव्य पुरे होते. बंद खोलीचा हा हिशेब पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाच मिनिटांत करता येतो. तो करून घेतला गेला तर खिडक्या उघड्या का ठेवायच्या आणि धूरकपाट कशासाठी, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

५

१९६१ च्या कायद्यानुसार १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढील दशकांत अंबरनाथ आणि बदलापूर येथे त्याच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. जुन्या काळातील एकेका मोठ्या कारखान्याच्या जोडीला आता अनेक लहान कारखाने आले. त्यांत रंगद्रव्यांची आणि औषधांची मध्यस्थ द्रव्ये बनवणारे पुष्कळ होते. मोठ्या कारखान्यात स्वतंत्र वैद्यकीय अधिकारी व सुरक्षा अधिकारी असतो. लहान कारखान्यात पाळीवरचा रसायनाचा पदवीधर हाच बहुधा विश्लेषक, पर्यवेक्षक आणि अडचणीच्या वेळी सल्लागार असतो. ही भूमिका त्याच्याकडे आली, पण तिच्यासाठी लागणारे शिक्षण आले नाही.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे मिथाइल आयसोसायनेटची गळती होऊन हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. कामगारांना आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणे सक्तीचे झाले आणि कार्यस्थळाच्या हवेतील अनेक रसायनांच्या मर्यादा अनुसूचीत देण्यात आल्या. १९८९ च्या धोकादायक रसायनांविषयीच्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. रसायनाच्या प्रत्येक पिंपावर त्याचे नाव आणि उत्पादकाचा पत्ता यांबरोबरच त्याची भौतिक, रासायनिक आणि विषवैज्ञानिक माहिती असली पाहिजे, असे त्यांत सांगितले.

हा नियम शिक्षणाच्या दृष्टीने क्रांतिकारक होता. त्याने असे गृहीत धरले की पिंपाजवळ कोणी तरी असा मनुष्य उभा आहे, ज्याला विषवैज्ञानिक माहिती वाचता येते. ही माहिती बहुधा मध्यम मारक मात्रेच्या स्वरूपात असते. ही संकल्पना १९२७ मध्ये ब्रिटनमध्ये ट्रेव्हन यांनी मांडली. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सांगतात. आकडा लहान तर विष तीव्र, हा उलटा संबंध न शिकलेल्याला सहज उमगत नाही. हा आकडा तात्काळ मरणाविषयीच बोलतो, वीस वर्षांनी होणाऱ्या कर्करोगाविषयी काहीच सांगत नाही, हे तर त्याहूनही उमगत नाही. १९८७ च्या अनुसूचीत कार्बन डायसल्फाइड आणि हायड्रोजन सल्फाइड या दोहोंसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा दशलक्षात १० भाग अशी एकच होती. एक वायू काही श्वासांत मारू शकतो, दुसरा अनेक वर्षांत हृदय पोखरतो. तरी आकडा एकच. आकड्यामागील न्याय समजल्यावाचून आकडा वाचणे म्हणजे केवळ अक्षरे वाचणे होय.

या अज्ञानाची किंमत खोऱ्याने भरलेली आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगर येथे वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रासायनिक द्रव्य सोडले गेले आणि त्यातून निघालेल्या वायूमुळे शेकडो रहिवाशांना रात्रीतून रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून वायू सुटला आणि लोकांना श्वासाचा व डोळ्यांच्या जळजळीचा त्रास झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथवर धुरासारखा दाट थर पसरून तसाच त्रास झाला. अशा घटनांत लोभ, निष्काळजीपणा आणि देखरेखीचा अभाव ही कारणे मोठी असतात, आणि ती शिक्षणाने दूर होत नाहीत. तथापि गंधकयुक्त सांडपाण्यात आम्ल मिसळले असता तोच किपच्या उपकरणातील वायू निघतो, ही गोष्ट टँकर भरताना पाहणाऱ्या एखाद्या पदवीधराला समजली असती तर त्याला आक्षेप घेण्यास निदान आधार मिळाला असता. ज्ञान नसलेल्या मनुष्याला नकार देता येत नाही.

६

आता भाषेचा विचार करू. विषासंबंधीचे मराठीतील शब्द मुख्यतः साप आणि विंचू यांच्या अनुभवातून घडलेले दिसतात. विष चढते आणि उतरते. विषाचा अंमल होतो. त्यावर उतारा देतात. साप एक तर विषारी असतो किंवा बिनविषारी. या शब्दांत विष ही बाहेरून, एका क्षणी, एका दंशाने आत येणारी वस्तू आहे, आणि तिचे अस्तित्व होय किंवा नाही एवढ्या उत्तराने ठरते. न्यायालयाची विषकल्पना आणि ही लौकिक विषकल्पना एकमेकींना पूरक ठरल्या. फॉस्फरसाच्या कोष्टकातील विषारी आणि बिनविषारी ही जोडी सापाच्याच वर्गीकरणातून आलेली आहे.

इंग्रजीत सापाचे विष, मारण्यासाठी दिलेले विष आणि द्रव्याच्या अंगी असलेला विषारीपणा यांना निरनिराळे शब्द आहेत. ग्रीक भाषेत धनुष्याला तॉक्सॉन म्हणत. त्यावरून बाणाला लावण्याच्या विषाचा वाचक शब्द बनला आणि त्याच मुळातून युरोपीय भाषांतील विषविज्ञानाचे नाव आले. मराठीत या तिन्ही अर्थांचा भार एका विष शब्दावर पडतो. परिभाषाकारांनी विषारीपणा, विषालुता, विषाक्तता असे पर्याय योजले, पण त्यांतील कोणताही बोलण्यात रुळला नाही. परिणामी बेंझीन विष आहे काय, असा प्रश्न विद्यार्थ्याला विचारला तर तो होय म्हणतो. मीठ विष आहे काय, तर नाही म्हणतो. आणि दोन्ही उत्तरांत प्रमाणाचा विचार नसतो.

परंतु मराठीत दुसरेही शब्द आहेत, आणि ते या कामासाठी अधिक योग्य आहेत. त्यांतील पहिला शब्द बाधा. अन्न बाधते, हवा बाधते, जागरण बाधते. बाधण्यासाठी दंश लागत नाही, देणारा लागत नाही, हेतू लागत नाही. एकाला जे बाधते ते दुसऱ्याला बाधेलच असे नाही, हा व्यक्तिभेदही या क्रियापदात गृहीत आहे. विषबाधा हा समास सर्वपरिचित आहे, पण त्यातील उत्तरपदाकडे आपले लक्ष जात नाही. विषविज्ञानाच्या दृष्टीने पाहता त्या समासातील महत्त्वाचा शब्द बाधा हाच होय.

दुसरा शब्द मात्रा. वैद्याची मात्रा, छंदातील मात्रा आणि अक्षरावरची मात्रा, या सर्वांत मापाची कल्पना आहे. एखाद्यावर कोणाची मात्रा चालत नाही, या वाक्प्रयोगात मात्रा आणि परिणाम यांचा संबंधही आला आहे. कोणतीही वस्तू विष की नाही हे तिच्या मात्रेवर अवलंबून असते, हा पॅरासेल्सस यांनी १५३८ मध्ये मांडलेला विचार आधुनिक विषविज्ञानाचा पाया मानतात. चरकसंहितेतही योग्य योजनेने तीक्ष्ण विष उत्तम औषध होते आणि अयोग्य योजनेने औषधही विष होते, असा आशय आलेला आहे. मात्रा शब्द ज्याच्या घरातील आहे, त्या विद्यार्थ्याला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही.

तिसरा शब्द मुरणे. लोणचे मुरते, तसा ताप अंगात मुरतो. मुरण्याला काळ लागतो, आणि मुरलेली वस्तू वरून दिसत नाही. सुश्रुताने दूषीविष म्हणून जे विष वर्णिले आहे, ते शरीरात दीर्घकाळ मंद रूपाने राहते आणि अनुकूल कारण मिळताच प्रकोप पावते. शिसे हाडांत साठणे आणि वर्षांनी रक्तात परत येणे, या आधुनिक ज्ञानाशी ही कल्पना तंतोतंत एक आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मंद आणि दीर्घ विषबाधा समजून देण्यासाठी शिक्षकाला आपल्या परंपरेत व बोलीत आधार मिळतो, एवढे निश्चित म्हणता येईल.

याच्या उलट उतारा हा शब्द जपून वापरावा लागतो. प्रत्येक विषाला उतारा असतो ही समजूत सर्पदंशाच्या कथांतून आलेली आहे. कारखान्यातील बहुतेक द्रव्यांवर असा विशिष्ट उतारा नाही; मनुष्याला मोकळ्या हवेत नेणे, कातडी धुणे, श्वासोच्छ्वास चालू ठेवणे आणि मुळात संपर्कच होऊ न देणे हेच उपाय आहेत. बेशुद्ध सोबत्याला काढण्यासाठी श्वसनसाधनाविना टाकीत उतरलेला दुसरा माणूस स्वतःही बळी पडतो, अशा दुर्घटना सर्वत्र वारंवार घडतात. त्यांच्या मुळाशी माया असते, पण हवेचे ज्ञान नसते.

७

विषविज्ञान पदवीच्या रसायनात अगदीच आले नाही असे नाही. मुंबई विद्यापीठाच्या तृतीय वर्षाला ‘औषधे आणि रंगद्रव्ये’ हा उपयोजित घटक अनेक वर्षे होता. त्यात औषधाच्या निमित्ताने मात्रेचा विचार आला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षणाविषयी दिलेल्या आदेशानंतर पुढील दशकात सर्व शाखांना पर्यावरण अभ्यासाचा घटक अनिवार्य झाला. त्यात प्रदूषणाच्या निमित्ताने विषारी द्रव्यांची नावे आली. म्हणजे एकीकडे रोग्याच्या दृष्टीने मात्रा आणि दुसरीकडे निसर्गाच्या दृष्टीने विष, असे दोन तुकडे विद्यार्थ्याला मिळाले. ज्या ठिकाणी तो स्वतः उभा राहणार होता, त्या पाळीवरच्या माणसाची दृष्टी या दोहोंच्या मध्ये गळून पडली.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. विषविज्ञान हा जीवशास्त्राचा विषय आहे आणि रसायनाच्या शिक्षकाचा त्यावर अधिकार नाही, हा पहिला. शरीरातील क्रियांच्या तपशिलापुरता तो खरा आहे. पण संहती, बाष्पदाब, द्रावणीयता, विघटन आणि मापन हे विषय रसायनाचेच आहेत, आणि बाधा होईल की नाही हे मोठ्या अंशी त्यांवरच ठरते. दुसरा आक्षेप असा की विषांचे ज्ञान दिल्याने दुरुपयोगाला वाट मिळेल. परंतु येथे शिकवायचे आहे ते संपर्क टाळण्याचे ज्ञान, आणि ते पिंपावर छापण्याची सक्ती १९८९ च्या नियमांनीच केलेली आहे. जे छापणे सक्तीचे आहे ते वाचायला शिकवणे आक्षेपार्ह ठरू शकत नाही.

सेंद्रिय रसायनात ॲनिलीन शिकवताना रेन यांचे १८९५ चे निरीक्षण, सेल्युलोजच्या प्रकरणात देलपेश, फॉस्फरसाच्या प्रकरणात लोरिन्झर आणि १९१३ चा कायदा, विश्लेषणाच्या तासाला खोलीतील हवेचा हिशेब, अशी जोड देण्यास नवी प्रश्नपत्रिका लागत नाही. त्याबरोबर एखाद्या सुरक्षापत्रकाचे मराठीत, आणि उल्हासनगरसारख्या ठिकाणी हिंदीत व सिंधीतही, रूपांतर करण्याचे काम विद्यार्थ्यांना देता येईल. पिंपावरची माहिती बहुधा इंग्रजीत असते आणि पिंप हलवणाऱ्याची भाषा दुसरी असते. त्या दोहोंमध्ये उभा असलेला, दोन्ही भाषा जाणणारा मनुष्य म्हणजे या खोऱ्यातील महाविद्यालयांचा पदवीधर. हे रूपांतर करताना विषारी हा एकच शब्द सर्वत्र लिहून चालत नाही, किती आणि किती वेळ हे सांगावेच लागते, असे त्याला स्वतःच आढळून येईल.

मुंबईच्या प्रयोगशाळेत १८७० पासून बाटल्या येत गेल्या आणि प्रत्येक बाटलीबरोबर एकच प्रश्न येत गेला : हा मनुष्य कशाने मेला? तो प्रश्न विचारणे न्यायाला आवश्यक होते आणि आहे. पण रसायनाच्या वर्गाने विचारावयाचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. या हवेत, एवढ्या मात्रेत, एवढा वेळ उभ्या राहिलेल्या माणसाला काय बाधेल? त्याचे उत्तर ज्याला काढता येते तोच पदवीधर पाळीवर उभा राहून झडप बंद करण्याचा किंवा टँकर परत पाठवण्याचा आग्रह धरू शकेल.